पथ्य हीच कृतज्ञता



गेल्या पौर्णिमेला आमच्या विहारात वंदना आटोपल्यावर एक उपासक पेढ्यांचा पुडा घेऊन उभे राहिले. एस. टी. च्या आगारात ते मेकॅनिक आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांचे वजन १२८ किलो होते. जिना चढताना धाप लागे, झोपेत श्वास कोंडे, मधुमेह जडलेला, गुडघे कामातून गेलेले. डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यांनी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. आज ते ८६ किलोंवर आले आहेत. रक्तातील साखर आटोक्यात आली आणि मधुमेहाच्या गोळ्या डॉक्टरांनी थांबवल्या. त्या आनंदाचे हे पेढे होते. वाटता वाटता त्यांनी स्वतःही दोन तोंडात टाकले, हे मात्र माझ्या नजरेतून सुटले नाही.

हे घर दोन वर्षांपूर्वी धम्मदीक्षा घेऊन आपल्यात आले. लोक पांगल्यावर उपासकांची वृद्ध आई माझ्याजवळ आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "गुरुजी, माझं लेकरू जित्तं परत आलं. त्याला आत नेलं तवा म्या गावच्या देवीला बोलले व्हते, लुगडं-चोळी नि चांदीचे डोळे वाहीन म्हणून. आता आपण बुद्धाचे झालो. पण कुणाचं तरी देणं लागतंच की. नाय फेडलं तर लेकराला काय व्हईल?"

थोड्या वेळाने मुलगाही मला एकटे गाठून बोलला. "गुरुजी, मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नात दोन पेग घेतले. पूर्वी दोनाने काही होत नसे. त्या दिवशी मांडवातच पडलो. वजन ८२ पर्यंत उतरलं होतं, ते चार किलो परत चढलंय. पण ऑपरेशन झालंय ना, आता काय होतंय, असं मनात येतं."

आईला उपकार फेडायचे आहेत, पण ते कोणाचे हे तिला उमगत नाही. मुलाला उपकार मान्य आहेत, पण ते फेडायचे कसे हे त्याला उमगत नाही. दोघांच्या संमतीने, नावे न घेता, आज मी या दोन प्रश्नांवर बोलणार आहे. कारण नव्याने धम्मात आलेल्या कितीतरी घरांतून हेच प्रश्न वेगवेगळ्या रूपांनी उभे राहतात.

प्रथम या शस्त्रक्रियेने काय साधते ते समजून घेऊ. न समजता मानलेले उपकार अखेर अंधश्रद्धेच्या खाती जमा होतात. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ साली जठराचा मोठा भाग वगळून अन्नाला आतड्यात जवळची वाट करून देणारी शस्त्रक्रिया सुरू केली. तीच पुढे सुधारत जाऊन आज गॅस्ट्रिक बायपास म्हणून ओळखली जाते. आपल्या उपासकांची झाली ती स्लीव्ह शस्त्रक्रिया. तीत पोटाला लहान छिद्रे पाडून, दुर्बिणीच्या साहाय्याने, जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात आणि केळ्याच्या आकाराची नळी तेवढी मागे ठेवतात. त्यामुळे थोड्या घासांत पोट भरते. शिवाय जो भाग काढला जातो तिथेच भूक चेतवणारे घ्रेलिन नावाचे संप्रेरक मोठ्या प्रमाणात तयार होत असते. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९९९ साली शोधून काढले. ते घटले की भुकेची धार बोथट होते. मधुमेहावर, रक्तदाबावर, झोपेतल्या श्वासाच्या त्रासावर याचा अनेकांना मोठा गुण येतो. हा चमत्कार नव्हे. पिढ्यान् पिढ्या माणसांनी केलेल्या अभ्यासाचे हे फळ आहे.

परंतु एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. शल्यचिकित्सकाची सुरी जठरापर्यंत पोचते, तृष्णेपर्यंत पोचत नाही. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन झपाट्याने उतरते. पुढे भूक थोडीथोडी परतू लागते आणि बहुतेकांचे वजन काही प्रमाणात पुन्हा वाढते. बेफिकीर राहिलेल्याचे अधिक वाढते. भाकरी चार घासांवर अडते, पण सरबत, आईस्क्रीम, गोड चहा आणि पेढा यांना लहान जठर अडवीत नाही. ते मुकाट्याने खाली उतरतात. शस्त्रक्रियेने आपल्याला एक साधन दिले आहे. ते वापरणारा हात आपलाच आहे.

आता कोणी म्हणेल, इतके वजन वाढले हाच मुळी त्यांचा दोष. दुसरा म्हणेल, मागच्या जन्मीचे भोग. तथागतांना मोळिय सीवक नावाच्या परिव्राजकाने असाच प्रश्न विचारला होता. माणूस जे सुखदुःख भोगतो ते सगळे पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, आपले काय मत, असे त्याने विचारले. तथागतांनी ते मत नाकारले. वेदना पित्तामुळे होते, कफामुळे होते, वातामुळे होते, ऋतू बदलल्याने होते, शरीराची हेळसांड केल्याने होते, बाहेरच्या आघाताने होते. हे प्रत्येकाला स्वतः पाहता येते आणि जगालाही मान्य आहे, असे त्यांनी दाखवून दिले. संयुत्त निकायात हा संवाद आहे. आजचे वैद्यकशास्त्रही लठ्ठपणाला अनेक कारणे सांगते: आनुवंशिकता, संप्रेरके, काही औषधे, अपुरी झोप, रात्रपाळी, बैठे काम, बाजारातले स्वस्त गोडधोड आणि तळलेले पदार्थ. म्हणून जाड माणसाला वस्तीत 'ढोल्या' म्हणून हाका मारणे हे अज्ञान आहे आणि क्रौर्यही. ज्यांना पिढ्यान् पिढ्या जगाने शरीरावरून, जातीवरून हिणवले, त्यांनी तरी दुसऱ्याच्या शरीराची थट्टा करू नये.

आपल्या घरांत तर आणखी एक कारण आहे आणि ते आपणच समजू शकतो. आपल्या आज्यापणज्यांनी येसकरपाळीची भाकरी दारोदार मागून आणली. १९५८ च्या कायद्याने ते वतन गेले, पण भूक लगेच गेली नाही. या उपासकांच्या आईने १९७२ चा दुष्काळ पाहिला आहे, खडी फोडली आहे, सुकडीवर दिवस काढले आहेत. अशा आईच्या दृष्टीने प्रेमाचे माप भाकरी हेच असते. "अजून एक घे" हा तिचा आशीर्वाद असतो आणि ताटात काही उरू न देणे हा मुलाचा धर्म असतो. उपासमारीतून आलेली ही सवय सुबत्तेत घातक ठरते. तिच्याबद्दल लाज बाळगू नका. पण ती ओळखा आणि आता तिला निरोप द्या.

आता आईच्या प्रश्नाकडे वळू. देणे कोणाचे? आई, तुमच्या मुलाला भूल देऊन तासन् तास त्याच्या प्रत्येक श्वासावर लक्ष ठेवणारे डॉक्टर होते. ज्यांच्या हाताला वर्षानुवर्षांच्या सरावाने स्थैर्य आले आहे असे शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या दिवशी त्याला आधार देऊन चालायला लावणारी परिचारिका होती. रात्री फरशी पुसणारा, हत्यारे निर्जंतुक करणारा कामगार होता. आपल्या सुनेने महिनाभर पातळ पेज, ताक, डाळीचे पाणी वेळेवर दिले. आगारातल्या सोबत्यांनी त्याच्या पाळ्या केल्या. आणि ज्यांची नावेही आपल्याला ठाऊक नाहीत असे ते रुग्ण होते, ज्यांच्यावरच्या सुरुवातीच्या शस्त्रक्रियांतून, यशातून आणि अपयशातूनही, हे ज्ञान पक्के झाले. एवढी माणसे उभी असताना त्यांना ओलांडून न दिसणाऱ्या देवीच्या पायाशी जाणे म्हणजे ज्याने कर्ज दिले त्याला सोडून भलत्याच्याच दारी फेड करणे होय. आई, तुमच्या मनातली कृतज्ञता खरी आहे, सोन्यासारखी आहे. फक्त पत्ता चुकला आहे. आणि नवस न फेडल्याने मुलाला काही होणार नाही. पथ्य मोडल्याने मात्र होईल.

बावीस प्रतिज्ञा घेताना आपण देवदेवतांची उपासना सोडली. काहींना वाटते, देव गेला म्हणजे आभार मानायला कोणी उरले नाही. वस्तुतः देव दूर झाल्यावरच माणूस दिसू लागतो. तथागतांनी जगात दोन प्रकारची माणसे दुर्मिळ सांगितली आहेत. एक, जो आपण होऊन आधी दुसऱ्याचे भले करतो. दुसरा, जो केलेले उपकार जाणतो आणि प्रकट करतो. या दुसऱ्यासाठी पालीत कतञ्ञू आणि कतवेदी असे दोन शब्द जोडीने येतात. कतञ्ञू म्हणजे उपकार जाणणारा. कतवेदी म्हणजे ते जाणणे आपल्या वागण्यातून दाखवणारा. आपण बहुधा पहिल्या शब्दावरच थांबतो. पेढे वाटतो, हार घालतो, डोळ्यांत पाणी आणतो. दुसरा शब्द रोजच्या ताटाशी बसलेला असतो, तिथे आपण जात नाही.

परंपरा सांगते की संबोधी लाभल्यावर तथागत आठवडाभर बोधिवृक्षाकडे अनिमिष नेत्रांनी पाहत राहिले. बुद्धगयेला त्या जागी अनिमेषलोचन चैत्य आहे. विचार करा, संबोधी त्या वृक्षाने दिली नव्हती. ती तथागतांनी स्वतःच्या पुरुषार्थाने मिळवली होती. तरीही ज्याने सावली दिली त्याची आठवण त्यांनी ठेवली. कृतज्ञता आणि स्वतःचा प्रयत्न यांत विरोध नाही. जो स्वतः झटतो त्यालाच मदतीची खरी किंमत कळते.

आता मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. यासाठी कोसलचा राजा पसेनदी आठवा. संयुत्त निकायातच त्याची कथा आहे. हा राजा द्रोणभर तांदळाचा भात जेवत असे. एकदा असाच भरपेट जेवून, धापा टाकीत तो तथागतांच्या भेटीला आला. तथागत त्याच्यावर रागावले नाहीत, हसले नाहीत, मंत्र दिला नाही, अंगारा दिला नाही. जो माणूस स्मृती राखून, मिळालेल्या अन्नात मात्रा जाणून जेवतो, त्याचे दुखणे हलके होते, त्याला म्हातारपण सावकाश येते आणि त्याचे आयुष्य जपले जाते, अशा आशयाची एक गाथा त्यांनी म्हटली. राजामागे सुदस्सन नावाचा तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितले, ही गाथा पाठ कर आणि मी जेवायला बसलो की रोज म्हणत जा. त्याबद्दल मी तुला रोज शंभर कहापण देईन. सुदस्सनाने तसे केले. राजाचा आहार हळूहळू उतरत नाळीभर भातावर आला. पुढे एके दिवशी हलक्या झालेल्या अंगावरून हात फिरवीत राजा उद्गारला की तथागतांनी माझ्यावर दोन्ही परींनी अनुकंपा केली, या जन्मीच्या हिताची आणि पुढच्या हिताचीही.

या कथेत तीन माणसे आहेत आणि तिघांची कामे वेगळी आहेत. तथागतांनी मार्ग दाखवला. सुदस्सनाने आठवण दिली. पण हात आवरला तो राजाने. त्याच्या वाटणीचा हात तथागतांनीही आवरला नाही. आणि आठवण करून देणाऱ्यावर राजा खेकसला नाही. उलट त्याला रोजचे मानधन दिले! आपल्या घरी बायको म्हणते, "अहो, पुरे आता," तेव्हा आपण काय देतो? तिच्यावर डोळे वटारतो. कोसलच्या राजाला जे कमीपणाचे वाटले नाही, ते आपल्याला वाटते.

या उपासकांचा डॉक्टर मार्ग दाखवून चुकला आहे. सुदस्सनाची जागा घरच्यांनी घ्यावी. हात मात्र त्यांनी स्वतः आवरायचा आहे. ही जबाबदारी म्हणजे काही गूढ साधना नव्हे. आधी डाळ, अंडी, दूध, मासळी असे प्रथिनांचे अन्न, मग भाजी, मग भाकरी. रोज किमान साठ ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असे सामान्यतः सांगतात. नेमके प्रमाण आपल्या आहारतज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. घास लहान, चावून चावून, वीस मिनिटे तरी ताटावर. जेवताना पाणी नाही. अर्ध्या तासाने घोट घोट. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-१२ यांच्या गोळ्या जन्मभर. त्या टाळल्या तर रक्त कमी होते, हाडे ठिसूळ होतात, हातापायांना मुंग्या येतात. आणि हे लगेच दिसत नाही, वर्षा-दोन वर्षांनी दिसते. डॉक्टर सांगतील तेव्हा आणि निदान वर्षातून एकदा रक्ततपासणी. रोज चालणे. आणि आपल्या गोळ्यांची डबी स्वतः भरावी. तीही बायकोने भरून हातात द्यावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्याने जबाबदारी घेतली असे म्हणता येणार नाही.

भिक्खू अन्न ग्रहण करताना मनाशी प्रत्यवेक्षण करतो: हे अन्न मी चैनीसाठी घेत नाही, मस्तीसाठी घेत नाही, मिरवण्यासाठी घेत नाही, हा देह चालावा आणि सदाचरण साधावे म्हणून घेतो. आपण गृहस्थ आहोत, सणाचा गोड घास आपल्याला वर्ज्य नाही. पण पहिला घास उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून 'हे कशासाठी?' एवढे विचारायला गृहस्थालाही काही अडचण नाही. तृष्णा घाईत वाढते. थांबलेल्या हातात ती मावत नाही.

आता दारूविषयी स्पष्ट बोलतो. मद्यापासून अलिप्त राहण्याचे शील आपण सर्वांनी घेतले आहे. या शस्त्रक्रियेनंतर त्या शीलाला वैद्यकशास्त्राचाही आधार मिळतो. लहान केलेल्या जठरातून दारू भराभर आतड्यात उतरते आणि रक्तात तिचे प्रमाण एकदम चढते. मांडवात पडण्याचे कारण हेच. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की बायपास झालेल्यांमध्ये दारूच्या समस्येचे प्रमाण दुसऱ्या वर्षी शस्त्रक्रियेपूर्वीपेक्षा वाढले होते, आणि त्यांत पूर्वी हे व्यसन नसलेलेही होते. ताटातून हुसकलेली तृष्णा पेल्यात जाऊन बसते. तिला घर बदलू देऊ नका. पाचवे शील हे या रुग्णांसाठी अक्षरशः औषध आहे.

"पण गुरुजी, माझ्याकडून चूक झाली, चार किलो चढले, आता डॉक्टरांना तोंड कसे दाखवू?" असे उपासक म्हणाले. अनेकजण याच लाजेपायी दवाखान्याची पायरी चढायचे सोडतात आणि चारांचे चाळीस किलो होतात. बंधूंनो, शील एकदा घेऊन संपत नाही. म्हणून तर आपण प्रत्येक वंदनेला पंचशील पुन्हा ग्रहण करतो. काल पाय घसरला असेल तर आज उठून पुन्हा शील घ्यावे, हीच धम्माची रीत आहे. चूक लपवणे अकुशल, चूक सांगून सुधारणे कुशल. तपासणीला जा आणि खरे सांगा. वजन वाढण्यामागे कधी शरीराचेही कारण असते आणि त्यावर उपाय असतात. मन खचत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. खचलेल्या मनाने पथ्य पाळले जात नाही.

घरच्यांनाही दोन शब्द. "एवढंच खाल्लंस?" हा प्रश्न आजपासून बंद करा. पाहुणचाराचा आग्रह बंद करा. विहारातला आनंद पेढ्यांऐवजी फळांनी साजरा होऊ शकतो. आमच्या विहाराने पुढच्या पौर्णिमेपासून तसे ठरवले आहे.

आणि आई, लुगडे-चोळीचे व चांदीचे पैसे बाजूला ठेवले आहेत असे तुम्ही म्हणालात. ते जपून ठेवा. दवाखान्याच्या आवारात खेड्यापाड्यांतून आलेले नातेवाईक रात्र रात्र उपाशी बसलेले असतात. पौर्णिमेला त्यांना पिठले-भाकरी नेऊन द्या. तुमच्या हातच्या भाकरीची आता मुलाला गरज कमी आहे, त्यांना आहे. ज्या हातांनी भूक पाहिली, त्या हातांनी भूक भागवणे याहून मोठे दान कोणते? घरातल्या निरोगी तरुणांनी रक्तदान करावे. ऑपरेशनला घाबरलेल्या एखाद्या रुग्णाजवळ बसून उपासकांनी आपला अनुभव खराखरा सांगावा, गुण आलेला आणि घसरलेलाही. असे नवस फेडले तर कोणत्याही प्रतिज्ञेला बाध येत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनाही मधुमेहाने पोखरले होते. पाय साथ देत नव्हते, दृष्टी क्षीण झाली होती. त्या देहाने त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखोंना दीक्षा दिली आणि 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ पुरा करीत आणला. तो ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या देहाला जे उपचार आणि जे आयुष्य लाभले नाही, ते आज आपल्यातल्या एका कामगाराला लाभते आहे. ते वाया घालवायचा अधिकार आपल्याला आहे काय?

दीक्षेचा सोहळा एका दिवसात होतो. धम्म मात्र त्यानंतरच्या प्रत्येक दिवशी आचरावा लागतो. शस्त्रक्रियेचेही तसेच आहे. ती काही तासांत आटोपते आणि मग माणसाला घरी पाठवतात, त्याच्याच स्वयंपाकघरात, त्याच्याच ताटासमोर. तिथे डॉक्टर नसतो, भंते नसतात, मीही नसतो. तिथे राजा पसेनदीसारखा हात आवरला, म्हणजे डॉक्टरांचे, सुनेचे, सोबत्यांचे आणि आईचे उपकार त्या घासापुरते फिटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ताट समोर येईल. पुन्हा फेडायचे.

सर्वांना आरोग्य लाभो, सर्वांचे मंगल होवो.

जय भीम!